सरकारी सेवांसाठी एकच लॉगिन: खातं परत मिळवण्याची वाट आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कर, निवृत्तिवेतन, परवाने, आरोग्याच्या नोंदी, अनुदानाचे अर्ज असं सगळं आता एकाच सरकारी लॉगिनने उघडायला लागलंय. मग एक पासवर्ड चोराच्या हाती लागला की सगळंच गेलं, असं नाही का होणार? त्यापेक्षा प्रत्येक विभागाचा पासवर्ड वेगळा असलेला काय वाईट? आणि घरातल्या वयस्कर माणसांचं लॉगिन आपणच सांभाळत असू, तर ते नेमकं कसं सांभाळायचं?

ओळख पडताळणीच्या यंत्रणांवर मी बरीच वर्षं काम करतोय. त्यातला मोठा काळ खातं बंद पडलेल्या किंवा दुसऱ्याच्या हाती गेलेल्या माणसांशी बोलण्यात गेला. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूने येतं. एकच लॉगिन घ्या, ते वेगवेगळ्या दहा पासवर्डांपेक्षा सुरक्षित आहे. पण ते घेतल्यावर पासवर्ड किती अवघड आहे याची काळजी करण्याआधी एक गोष्ट बघा: उद्या मी पासवर्ड विसरलो, फोन हरवला, तर ही यंत्रणा मला कोणत्या वाटेने आत घेते? तीच वाट चोरालाही मोकळी असते. मी पाहिलेल्या प्रकरणांमध्ये बहुतेक खाती समोरच्या दाराने फुटलेली नव्हती. ती ‘पासवर्ड विसरलात?’ या ओळीतून फुटली होती.

आधी वेगवेगळ्या पासवर्डांचं बघू. कागदावर ती कल्पना चांगली वाटते. प्रत्यक्षात माणूस एकच पासवर्ड शेवटचा आकडा बदलून सगळीकडे वापरतो, आणि त्यातलं एखादं ठिकाण म्हणजे कुठलं तरी खरेदीचं संकेतस्थळ असतं, जिथून पासवर्डांची अख्खी यादीच चोरीला गेलेली असते. चोर ती यादी घेऊन यंत्राच्या मदतीने सरकारी लॉगिनवर एकेक जोडी लावून बघतात. कॅनडात ऑगस्ट २०२० मध्ये हेच झालं. तिथे अनेक विभागांना चालणाऱ्या ‘जीसीकी’ या लॉगिनच्या सुमारे ९,००० खात्यांचे पासवर्ड अशा तऱ्हेने वापरले गेले. ते सरकारी यंत्रणेतून चोरलेले नव्हते, दुसरीकडून गळलेले होते. सिंगापूरचं ‘सिंगपास’ हे सरकारी लॉगिन २००३ पासून चालू आहे. तिथे २०१४ साली १,५६० खाती बाहेरच्या कुणीतरी उघडली असण्याची शक्यता समोर आली, आणि पुढच्याच वर्षी पासवर्डच्या जोडीला दुसरा पुरावा, म्हणजे मोबाइलवर येणाऱ्या कोडासारखं काहीतरी, मागायला सुरुवात झाली. २०१६ पासून तो संवेदनशील कामांसाठी सक्तीचा झाला. एक लॉगिन असण्याचा फायदा इथे दिसतो. सुधारणा एका जागी केली की ती सगळ्या सेवांना लागू होते. वीस विभागांची वीस लॉगिनं असती तर त्यातल्या दोन-तीन विभागांनी ती केली असती आणि बाकीचे पुढच्या वर्षीच्या निविदेची वाट बघत बसले असते.

आता हे चालतं कसं ते समजून घ्या, कारण त्यातूनच सगळ्यात उपयोगी सवय हाताला लागते. तुम्ही समजा कर विभागाच्या पानावर ‘लॉगिन करा’ दाबता. ते पान तुम्हाला स्वतः पासवर्ड विचारत नाही. ते तुम्हाला मध्यवर्ती लॉगिनच्या पानावर पाठवतं. तिथे तुम्ही ओळख पटवता. मग ते पान एक सही-शिक्क्याची चिठ्ठी तयार करून तुमच्याबरोबर परत पाठवतं. चिठ्ठीत असतं ते एवढंच: हा अमुक क्रमांकाचा वापरकर्ता आहे, अमुक वेळी त्याने ओळख पटवली, अमुक इतक्या पक्क्या रीतीने पटवली, आणि ही चिठ्ठी फक्त कर विभागासाठी आहे. सही गणिती असते, त्यामुळे मधल्या मध्ये कुणी अक्षर बदललं तर लगेच कळतं. चिठ्ठी थोड्या मिनिटांत शिळी होते. या देवाणघेवाणीचे नियम ठरलेले आहेत. जुन्या यंत्रणांमध्ये २००५ चं ‘सॅमल २.०’ दिसतं, नव्यांमध्ये २०१४ चं ‘ओपनआयडी कनेक्ट’. भारतात ‘मेरी पहचान’ या केंद्र सरकारच्या एकत्रित लॉगिनमध्ये डिजीलॉकर, ई-प्रमाण आणि जनपरिचय यांच्यामार्फत होतं तेही याच जातीचं काम.

म्हणजे तुमचा पासवर्ड कर विभागाला कधी दिसतच नाही. आरोग्य विभागालाही नाही. एखाद्या विभागाचं संकेतस्थळ ढिसाळ बांधलेलं असलं आणि फुटलं, तरी तिथून तुमचा पासवर्ड गळत नाही, कारण तो तिथे नव्हताच. आणि सवय कोणती? तर हा पासवर्ड जगात एकाच पत्त्यावर टाकायचा असतो. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत तो पत्ता अक्षरशः एकदा वाचून ठेवा, खूण करून ठेवा, आणि दरवेळी तोच आहे ना हे बघा. वीस विभागांचे वीस पत्ते कुणाच्याही लक्षात राहणार नाहीत. एक राहतो. मेसेजमध्ये आलेल्या लिंकवरून लॉगिनच्या पानावर कधीही जाऊ नका, ती खरी असली तरीसुद्धा. स्वतः पत्ता टाकून जा. खरा निरोप असेल तर आत गेल्यावर दिसेलच.

तरीही ‘एक गेलं की सगळं गेलं’ ही भीती खोटी नाही. मी ती हसण्यावारी नेणार नाही. एस्टोनियाचं उदाहरण घ्या. तिथे २००२ पासून चिप असलेली ओळखपत्रं आहेत आणि जवळपास प्रत्येक सरकारी सेवा त्यावर चालते. २०१७ साली संशोधकांना असं आढळलं की चिपमधली गुप्त किल्ली, म्हणजे ओळख पटवायला आणि सही करायला लागणारी गुप्त संख्या, तयार करण्याच्या पद्धतीतच दोष आहे. तिच्या जोडीची, सगळ्यांना बघता येणारी सार्वजनिक किल्ली असते. तिच्यावरून गुप्त किल्ली काढणं, महाग का होईना, शक्य होतं. सुमारे साडेसात लाख कार्डं या दोषाच्या छायेत होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सरकारने त्या कार्डांची प्रमाणपत्रं थांबवली आणि लोकांना ती घरबसल्या किंवा कार्यालयात जाऊन नवी करून घ्यायला लावली. ज्यांच्याकडे मोबाइलवर चालणारी दुसरी ओळख होती त्यांचं काम अडलं नाही, कारण तिची चिप वेगळी होती. मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एका जागी सगळं असेल तर दोषही सगळ्यांना एकदमच गाठतो, हे खरंच. पण तो दोष कळल्यावर धोक्यातली सगळी कार्डं एकदमच थांबवता आली, आणि ज्याच्याकडे आत जायची दुसरी, स्वतंत्र वाट होती तो निश्चिंत राहिला. नागरिक म्हणून आपल्या हातात असतं ते हे दुसरं.

चांगली यंत्रणा आत आल्यावर सगळी कपाटं उघडी ठेवत नाही, हेही लक्षात घ्या. पत्ता बघायला साधी ओळख पुरते. निवृत्तिवेतनाचं बँक खातं बदलायला पुन्हा, आणखी पक्की ओळख मागितली जाते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमात अशा तीन पातळ्याच ठरवून दिल्यात: कमी, भरीव आणि उच्च. एस्टोनियात तर कार्डाला दोन वेगळे पिन आहेत. पहिला आत जायला, दुसरा सही करायला. माझ्या मते ही फार शहाणपणाची रचना आहे, कारण माणसाच्या हातालाच फरक कळतो. दुसरा पिन मागितला की तो थबकतो, आपण आता कशाला तरी बांधले जातोय हे त्याला जाणवतं. तुमच्या लॉगिनने बँक खातं बदलताना पुन्हा काहीच विचारलं नाही, तर ती उणीव समजा आणि तक्रार करा. अशा तक्रारी वाचल्या जातात. मी स्वतः वाचलेल्या आहेत.

आता मुख्य मुद्दा, खातं परत मिळवणं.

आमच्या कक्षात एक बाई आल्या होत्या. निवृत्तिवेतनाच्या नोंदी बघायला लॉगिन होईना म्हणून. मुलीकडे परदेशात बरेच महिने राहून आल्या होत्या. त्या काळात इथला मोबाइल नंबर वापरात नव्हता, म्हणून कंपनीने तो बंद केला आणि काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला. त्यांच्या प्रत्येक प्रयत्नाचा ओटीपी त्या अनोळखी माणसाला जात होता. तो माणूस सज्जन होता, त्याने त्याचं काही केलं नाही. पण यंत्रणेच्या लेखी त्या क्षणी तोच माणूस म्हणजे त्या बाई होत्या. खातं त्यांच्या हाती परत द्यायला आम्हाला दीड महिना लागला. त्या प्रत्येक खेपेला कागदांची तीच पिशवी घेऊन येत. ‘मी माझी मी आहे हे मी कसं सिद्ध करू?’ असं एकदा म्हणाल्या. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

नंबर बंद करताना किंवा बदलताना आधी सरकारी लॉगिनमधला नंबर बदला, मग जुना सोडा. हा क्रम उलटा झाला की त्रास सुरू होतो. परदेशी किंवा लांब जाणार असाल तर जुना नंबर कमीत कमी खर्चात चालू ठेवा.

याहून वाईट प्रकार म्हणजे खातं उघडून देणाऱ्याने स्वतःचाच नंबर किंवा ईमेल टाकणं. अर्ज भरून देणारे पुष्कळदा असं करतात. हेतू वाईट नसतोही. समोरच्या माणसाला ईमेल नसतो, ओटीपी पटकन मिळत नाही, मागे रांग वाढत असते. पण त्या क्षणापासून त्या खात्याची मागची किल्ली त्यांच्या खिशात जाते, आणि पुढे त्यांचा फोन हरवला, दुकान बंद झालं, किंवा त्यांच्याकडे काम करणारा एखादा मुलगा बदमाश निघाला, तर ज्याचं खातं आहे त्याला पत्ताही लागत नाही. नोकरीच्या ठिकाणचा ईमेल टाकणं हाही त्यातलाच प्रकार. नोकरी सुटली की तो ईमेल बंद होतो आणि खात्याची वाट त्याच्याबरोबर जाते. आज लॉगिन करून ‘माझी माहिती’ उघडा आणि तिथला नंबर, ईमेल वाचा. ‘माहिती आहे मला’ असं म्हणून पुढे जाऊ नका, वाचाच. तिथे जुना नंबर सापडणारे लोक मला दर आठवड्याला भेटत.

मग एक कागद घ्या आणि साखळी लिहा. सरकारी खातं परत मिळवायला काय लागतं? समजा ईमेल. तो ईमेल परत मिळवायला काय लागतं? मोबाइल नंबर. तो नंबर परत मिळवायला? मोबाइल कंपनीत ओळखपत्र. ही साखळी जिथे सगळ्यात कच्ची, तेवढंच तुमचं सरकारी लॉगिन पक्कं. ईमेलचा पासवर्ड साधा असेल तर सरकारी लॉगिनचा सोळा अक्षरी पासवर्ड काही कामाचा नाही. बहुतेकांच्या कागदावर दुसरीही एक गोष्ट दिसते: ईमेल, ओटीपी, पासवर्डांची वही, सगळं एकाच फोनमध्ये आहे. फोन गेला की साखळीच्या सगळ्या कड्या एकदम जातात. म्हणून एक तरी कडी फोनच्या बाहेर हवी. बऱ्याच यंत्रणा एकदाच चालणारे राखीव कोड देतात. ते छापून किंवा हाताने लिहून घरातल्या कागदपत्रांबरोबर ठेवा. कागदावर लिहू नये, असं लोकांना पूर्वी शिकवलं गेलं. घरातल्या कपाटातल्या कागदापर्यंत परदेशातला चोर पोहोचत नाही, त्यामुळे राखीव कोडांसाठी कागद उत्तम. फक्त त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवू नका, नाहीतर तो पुन्हा साखळीत आला.

एखाद्या निवांत दिवशी, काही काम अडलेलं नसताना, ‘पासवर्ड विसरलात?’ दाबून बघा. नवा पासवर्ड मागेपर्यंतच जा. कोड कुठे जातो, कोणत्या नंबरचे शेवटचे आकडे दिसतात, गुप्त प्रश्न विचारतात का, ते बघा. गुप्त प्रश्न विचारत असतील तर खरी उत्तरं देऊन ठेवू नका. पहिली शाळा कोणती, आईचं माहेरचं आडनाव काय, हे नातेवाइकांना आणि जुन्या मित्रांना ठाऊक असतं, आणि खाती बळकावणारा पुष्कळदा त्यांच्यातलाच कुणीतरी असतो. वाटणीच्या भांडणात भावाने भावाचं खातं उघडलेलं मी पाहिलंय. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं. उत्तर म्हणून काहीतरी असंबद्ध लिहा आणि तेही राखीव कोडांच्या कागदावर टिपून ठेवा.

पासवर्डबद्दल थोडक्यात. लांब असावा, दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा, पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमध्ये ठेवावा. दर तीन महिन्यांनी बदलायची गरज नाही. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकसंस्थेनेच २०१७ मध्ये विनाकारण सक्तीने बदलायला लावू नका असं सांगितलंय.

दुसऱ्या पुराव्याबद्दल मात्र नीट सांगायला हवं. मेसेजने येणारा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरा, पण तो तुमच्या सिमशी बांधलेला असतो, आणि सिम दुसऱ्याच्या नावे निघू शकतं. ‘निस्ट’ने त्याच २०१७ च्या सूचनांमध्ये फोनच्या जाळ्यावरून येणाऱ्या कोडला मर्यादित वापराच्या वर्गात टाकलं. कोड तयार करणाऱ्या ॲपमध्ये दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड सिमवर अवलंबून नसतो, त्याला नेटवर्कही लागत नाही. तो एक पायरी वर. तरी दोघांची एक कमजोरी सारखीच: कोड माणूस वाचतो आणि टाइप करतो, म्हणून तो चुकीच्या जागी टाइप होऊ शकतो. खोटं पान हुबेहूब खऱ्यासारखं असतं. तुम्ही त्यात पासवर्ड टाकता, ते पान त्याच सेकंदाला तो खऱ्या पानावर टाकतं. खरं पान तुम्हाला कोड पाठवतं, तुम्ही तो खोट्या पानात टाकता, आणि तीस सेकंद संपायच्या आत चोर आत असतो. तुम्हाला ‘तांत्रिक अडचण, नंतर प्रयत्न करा’ असं दिसतं.

स्वीडनमध्ये ‘बँकआयडी’ने, म्हणजे बँकांनी दिलेल्या आणि सरकारी सेवांनाही चालणाऱ्या लॉगिनने, याचंच दुसरं रूप अनुभवलं. भामटे फोन करून माणसाला बोलण्यात गुंतवत, आणि त्याच वेळी त्याच्या नावाने लॉगिन सुरू करत. त्याच्या फोनवर मंजुरीची विनंती येई. तो ती खरी समजून मंजूर करी. यावर उपाय म्हणून समोरच्या पडद्यावर सतत बदलणारा क्यूआर कोड आणला गेला, म्हणजे मंजुरी देणारा माणूस त्या पडद्यासमोर असावा लागतो. तुमच्या लॉगिनमध्ये मंजुरीची विनंती फोनवर येत असेल तर नियम एकच: मी स्वतः आत्ता लॉगिन सुरू केलं नसेल, तर नाकारायचं. फोनवर कितीही मोठा अधिकारी बोलत असला तरी. खरा अधिकारी तुमच्या लॉगिनची मंजुरी मागत नाही, त्याच्याकडे स्वतःचं लॉगिन असतं.

मिळत असेल तर पासकी घ्या. यात तुमच्या फोनमध्ये किंवा संगणकात एक गुप्त किल्ली तयार होते आणि ती त्या एकाच खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते. बोटाने किंवा चेहऱ्याने तुम्ही फक्त तुमचं यंत्र उघडता. बोटाचा ठसा सरकारकडे जात नाही, यंत्रातच राहतो. खोट्या पानाचा पत्ता एका अक्षराने जरी वेगळा असला तरी यंत्राला त्यासाठी किल्लीच सापडत नाही. माणूस फसला तरी यंत्र फसत नाही. यामागचं तंत्र २०१९ मध्ये वेबचं अधिकृत मानक झालं. ऑस्ट्रेलियाच्या ‘मायगव्ह’ या सरकारी लॉगिनने २०२४ मध्ये पासकी आणली आणि वापरकर्त्याला हवं तर पासवर्डने येण्याची वाट पूर्ण बंद करायची सोयही दिली. ही दुसरी सोय मला पहिलीइतकीच मोलाची वाटते. पासकी घेतली आणि शेजारी पासवर्ड अधिक ओटीपी ही वाटही तशीच उघडी राहिली, तर चोर कच्च्या वाटेनेच येईल. आणि पासकी बहुधा तुमच्या फोनच्या गूगल किंवा ॲपल खात्यात साठवली जाते, म्हणजे ते खातं आता तुमच्या साखळीची कडी झालं. कागदावर तेही लिहा.

पुष्कळांना वाटतं, मी असलं ऑनलाइन काही उघडलेलंच नाही, तर मला धोका नाही. ऑस्ट्रेलियात नेमकं याच्या उलट दिसलं. तिथे ‘मायगव्ह’वर एका माणसाची एकाहून जास्त खाती असू शकतात. भामट्यांनी लोकांची चोरलेली माहिती वापरून नवी खाती उघडली आणि त्यांना त्या लोकांच्या कराच्या नोंदी जोडल्या. मूळ माणसाचा पासवर्ड शाबूत होता, त्याला कुणी हातही लावला नव्हता. म्हणून आपलं खातं आपण स्वतः उघडून, आपल्या नोंदींशी जोडून ठेवलेलं बरं, आणि ‘जोडलेल्या सेवा’ किंवा ‘अलीकडची लॉगिनं’ अशी यादी दिसत असेल तर महिन्यातून एकदा वाचलेली बरी. नवी सेवा जोडली गेली की ईमेल येईल अशी सोय असेल तर ती चालू ठेवा.

पहिल्यांदा ओळख पटवण्यात अडकलात तर तुमचंच काहीतरी चुकतंय असं मानू नका. ब्रिटनमध्ये २०१६ साली ‘व्हेरिफाय’ नावाचं एकत्रित लॉगिन सुरू झालं. २०२० पर्यंत अडीच कोटी लोक ते वापरतील असा अंदाज होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये वापरणारे होते ३६ लाख, आणि ओळख पटवण्याचे निम्म्याहून कमी, ४८ टक्के, प्रयत्न यशस्वी होत होते. ही आकडेवारी तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालातली आहे. २०२३ मध्ये ती यंत्रणा बंद झाली. ज्याच्या नावावर कर्ज नाही, ज्याचा पासपोर्ट नाही, ज्याचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेने लिहिलंय, अशा माणसाला यंत्र ओळखू शकत नाही. दोन-तीनदा नकार आला की पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, खातं गोठतं. समोरासमोर पडताळणीची सोय शोधा. आणि नाव, जन्मतारीख कागदोकागदी जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण लॉगिनच्या निम्म्या अडचणींचं मूळ मला तिथेच सापडत आलंय.

आता घरातली वयस्कर माणसं. मुलं आईवडिलांचा पासवर्ड स्वतःकडे ठेवतात, नंबरही स्वतःचाच टाकतात आणि सगळं सुरळीत चालतं, जोवर काही बिनसत नाही. मग कळतं की यंत्रणेच्या लेखी प्रत्येक काम आईनेच केलंय. मुलाने केलेली चूक आईच्या नावावर, आणि मुलावर कुणी संशय घेतला तर त्याच्याकडेही दाखवायला काही नाही. भावंडांमध्ये तेढ असेल तर हे फार दुखावणारं होतं. म्हणून आधी बघा, तुमच्या यंत्रणेत अधिकृत प्रतिनिधी नेमायची सोय आहे का. असेल तर तीच वापरा: तुम्ही तुमच्या लॉगिनने येता, यंत्रणा नोंद ठेवते की हे काम अमक्याच्या वतीने तमक्याने केलं, आणि आईला हवं तेव्हा ती परवानगी काढून घेता येते. सोय नसेल तर निदान खात्यातला नंबर आईचाच ठेवा, ओटीपी तिच्याच फोनवर येऊ द्या, आणि लॉगिन करताना तिच्या शेजारी बसा. वेळ लागतो. पण काय चाललंय ते तिला कळतं, आणि उद्या कुणा भामट्याने फोन करून ओटीपी मागितला तर ओटीपी ही काय चीज आहे हे तिला ठाऊक असतं. ज्यांना ओटीपी म्हणजे काय हेच कधी कळलेलं नसतं ती माणसं सगळ्यात सहज फसतात, आणि त्यांना अंधारात आपण ठेवलेलं असतं, प्रेमापोटी.

स्मार्टफोन नसलेल्यांची सोय करणं हे सरकारचं काम आहे आणि ते करता येतं. डेन्मार्कच्या ‘मिटआयडी’ या राष्ट्रीय लॉगिनमध्ये ॲपशिवाय कोड दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, आणि नीट दिसत नसलेल्यांसाठी कोड बोलून दाखवणारंही. आपल्याकडे असं का नाही, हे विचारायला हवं.

एकच लॉगिन म्हणजे सगळ्या विभागांना माझं सगळं दिसणार का, ही शंकाही रास्त आहे. लॉगिनची यंत्रणा आणि विभागांच्या नोंदी या वेगळ्या गोष्टी आहेत, एक आली म्हणून दुसऱ्या आपोआप एकत्र होत नाहीत. तरी तुम्ही कोणत्या सेवेत कधी गेलात हे मधल्या लॉगिनला कळतं, आणि सगळ्या विभागांना एकच क्रमांक दिला तर त्यांना नोंदी जोडणं सोपं जातं. ऑस्ट्रियाने २००४ च्या कायद्यातच याची काळजी घेतली. तिथे मूळ क्रमांकावरून प्रत्येक क्षेत्रासाठी वेगळा क्रमांक गणिताने काढला जातो आणि त्यावरून उलटं मूळ क्रमांकापर्यंत जाता येत नाही. करविभागाकडचा क्रमांक आरोग्यविभागाच्या क्रमांकाशी जुळत नाही. तुमच्या हातात असतं ते संमतीचं पान: पहिल्यांदा एखाद्या सेवेत जाताना कोणती माहिती पुढे जाणार आहे ते लिहिलेलं असतं. पत्ता पुरत असताना जन्मतारीख, फोटो मागत असतील तर थांबा.

दुसऱ्याच्या संगणकावर लॉगिन केलं असेल तर विभागाच्या पानावरून बाहेर पडणं पुरत नाही. मधलं लॉगिन अजून चालू असू शकतं, आणि तुमच्या मागून बसणारा दुसऱ्या सेवेत पासवर्डशिवाय जाऊ शकतो. लॉगिनच्या पानावर परत जाऊन तिथूनही बाहेर पडा. त्याहून चांगलं म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी वापरा आणि शेवटी त्या सगळ्या खिडक्या बंद करा.

फोन चोरीला गेला तर क्रम असा ठेवा. आधी दुसऱ्याच्या फोनवरून मोबाइल कंपनीला सांगून सिम बंद करा, म्हणजे ओटीपी चोराकडे जायचे थांबतील. मग ईमेलचा पासवर्ड बदला आणि त्या फोनला ईमेलमधून बाहेर काढा. त्यानंतर राखीव कोड वापरून सरकारी लॉगिनमध्ये जा, हरवलेला फोन विश्वासू उपकरणांच्या यादीतून काढा, ‘सगळीकडून बाहेर पडा’ दाबा, आणि बँक खात्याची नोंद बदललेली नाही ना ते बघा. बदललेली दिसली तर स्वतः दुरुस्त करण्याआधी पडद्याचं चित्र घ्या, वेळ लिहून ठेवा, आणि त्या विभागाला आणि बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा. पुढची पैशांची फेरी चुकीच्या खात्यात जाण्याआधी ती थांबवता येते, आणि ती थांबवणाऱ्याला हाताशी लागतं ते चित्र आणि ती वेळ.